धान्याची जमाबंदी आणि देहाचा वसूल

गावच्या जुन्या दफ्तरांशी ज्याचा काही परिचय असेल त्याला हे सांगावयास नको की, कुळकर्णी आपल्या कागदांत प्रत्येक शेतावर जो आकार लिहून ठेवी आणि सालअखेर सरकारच्या पोत्यात जो वसूल प्रत्यक्ष पडे, त्या दोहोंत बहुधा मोठे अंतर असे; आणि हे अंतर केवळ रयतेच्या नादारीमुळे पडे असेही नव्हे, तर आकार आणि पोते यांच्या दरम्यान वतनदार, इनामदार, हक्कदार असे अनेक हात असत आणि प्रत्येक हाताला काही ना काही लागून राही. गेल्या शतकात आहारशास्त्राने धान्यांची जी मोजदाद केली तिचा इतिहास पुष्कळसा असाच आहे. कोणत्या धान्यात कॅल्शियम किती, लोह किती, जस्त किती, याचे तक्ते मोठ्या कसोशीने तयार झाले. आपल्याकडे १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांचा असा पहिला सर्वमान्य तपशील प्रसिद्ध केला. परंतु ताटात आलेले खनिज रक्तात आलेच असे धरून चालता येत नाही, कारण वाटेत त्याच धान्यातील दुसरी द्रव्ये त्याला अडवून बसलेली असतात, ही गोष्ट पटावयास बराच काळ आणि एक महायुद्ध लागले. ही अडवणूक कोणाच्या आणि कशी ध्यानात आली, आणि ज्यांच्या ती स्वप्नीही नव्हती अशा असंख्य गृहिणी व भटारी तिच्यावर नकळत कोणती तोड काढीत होते, याचा वृत्तान्त प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे.

बीजाच्या बाजूने पाहिले तर या अडवणुकीत दुष्टावा काहीच नाही. गव्हाचा दाणा माणसाच्या भाकरतुकड्यासाठी जन्माला येत नसून पुढच्या रोपासाठी येतो, आणि अंकुर फुटल्यापासून मुळे मातीत ठरेपर्यंत त्या रोपाला लागणाऱ्या फॉस्फरसची रसद दाण्यातच भरून ठेवलेली असते. १८७२ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी बियांच्या पेशींत दिसणाऱ्या सूक्ष्म गोल कणांचे वर्णन केले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रसायनज्ञांनी त्या कणांतील द्रव्य वेगळे काढले, त्याला फायटिन हे नाव मिळाले आणि त्याच्या मुळाशी असलेले फायटिक आम्ल ओळखीचे झाले. इनॉसिटॉल नामक सहा कर्बाणूंच्या कड्याला फॉस्फेटाचे सहा गट जोडलेले, अशी याची रचना. हे गट ऋणभारित, तर कॅल्शियम, लोह, जस्त यांचे अणू द्रावणात धनभारित; तेव्हा दोहोंची गाठ पडताच त्यांचा असा संयोग होतो की तो आतड्यात विरघळत नाही आणि म्हणून शोषलाही जात नाही. हा संयोग फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाहीच. ते आहे खुद्द बीजात. दाणा भिजला, त्यात जीव आला, की फायटेज नावाचे विकर जागे होते आणि साठवलेले फॉस्फेट एकेक करून मोकळे करू लागते. १९०७ साली जपानमध्ये उमेतारो सुझुकी व त्यांचे सहकारी यांनी तांदळाच्या कोंड्यात या विकराचे कार्य दाखवून दिले. आजार आणि उपाय एकाच दाण्यात शेजारी शेजारी असल्याचे रसायनशास्त्राच्या कागदावर त्याच वेळी नमूद झाले होते. पण तेव्हा त्याला कोणी आजारही म्हटले नाही आणि उपायही.

आजाराची फिर्याद आली ती दुसऱ्याच दालनातून. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या गिरणगावांत मुडदूस हा मुलांचा रोग इतका सर्रास झाला होता की, धनुष्यासारखी वाकलेली पायांची हाडे हे तेथील गल्लीबोळांतले नित्याचे दृश्य होते. या रोगाचे मूळ शोधण्याचे काम पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एडवर्ड मेलनबी यांच्याकडे आले. मेलनबींनी कुत्र्यांची पिल्ले घरात ठेवून त्यांना ठरीव आहारावर वाढवले, त्यांची हाडे तपासली, आणि १९१९ साली जाहीर केले की मुडदूस हा आहारातील न्यूनतेचा रोग असून कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्याने तो टळतो. पुढे ज्याला ड जीवनसत्त्व म्हणू लागले त्याच्या शोधाची ही एक पायरी. मेलनबींचे नाव गाजले ते यामुळे. आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती त्याच प्रयोगांतून निघालेली एक अडचणीची गोष्ट, जिच्याकडे दुसऱ्या एखाद्याने कानाडोळा केला असता.

ती गोष्ट अशी. तक्ते पाहावेत तर ओटमध्ये पांढऱ्या मैद्याहून कॅल्शियमही अधिक आणि फॉस्फरसही अधिक; म्हणजे ओटची लापशी खाणाऱ्या पिल्लांची हाडे मैदा खाणाऱ्यांहून बळकट निघावयास हवी होती. प्रत्यक्षात ओटवर वाढलेल्या पिल्लांनाच मुडदूस सर्वांत जोराचा झाला. स्कॉटलंडात ज्या धान्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या आणि ज्याच्या पौष्टिकतेविषयी शंका घेणे हा तिकडे राष्ट्राचाच उपमर्द समजला गेला असता, त्या धान्यात हाडांना अपायकारक असे काही असावे, हे मेलनबींना मान्य करावे लागले, आणि त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी टॉक्सामिन असे नावही देऊन टाकले. हेही त्यांच्या ध्यानात आले की, ओट सौम्य आम्लात उकळले, किंवा त्याला मोड आणून, कुटून, ओलसर आणि उबदार अवस्थेत काही काळ राहू दिले, तर त्याचा अपाय पुष्कळ कमी होतो. द्रव्याचा पत्ता मात्र १९३४ पर्यंत लागला नाही. त्या वर्षी ब्रूस आणि कॅलो या दोघांनी दाखवून दिले की हे टॉक्सामिन म्हणजे निराळे विष नसून रसायनज्ञांच्या परिचयाचे फायटिक आम्लच आहे आणि ते कॅल्शियमला आतड्यातच जखडून ठेवते. ओट सर्वांत वाईट का, याचाही उलगडा पुढे झाला: ओटमध्ये फायटेज मुळातच थोडे, आणि बाजारात येण्यापूर्वी त्याला जी उष्णता देतात तीत तेवढेही मरून जाते.

याच मेलनबींना स्वतंत्र भारताच्या सरकारने पुढे लखनौला पाचारण केले आणि तेथील मध्यवर्ती औषधी संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक झाले. नवाबी अमदानीतल्या छत्तर मंझिल या प्रासादात त्या संस्थेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १७ फेब्रुवारी १९५१ रोजी झाले, हा संबंध मराठी वाचकांना बहुधा अपरिचित असेल.

आता रंगभूमी केंब्रिजची. रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन या दोघांची ओळख १९३३ साली लंडनच्या एका रुग्णालयातील मुदपाकखान्यात झाली, आणि तेथून सुरू झालेले त्यांचे सहकार्य साठ वर्षे टिकले. अन्नपदार्थांच्या रासायनिक घटनेचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९४० साली निघाला आणि पुढे साऱ्या जगाने तो प्रमाण मानला. शिजवलेल्या बटाट्यापासून तळलेल्या माशापर्यंत शेकडो जिनसांची जमाबंदी त्यात आहे. गंमत अशी की ज्या दोघांनी ही जमाबंदी इतक्या निष्ठेने बांधली, त्यांनीच वसुलातील तूट उघडकीस आणली. फायटिनमधील फॉस्फरसचा मोठा हिस्सा माणसाच्या शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो, हे त्यांनी १९३५ सालीच मांडले होते. युद्ध सुरू होताच प्रश्नाला राज्यकारभाराचे स्वरूप आले. जर्मन पाणबुड्या गव्हाची जहाजे बुडवीत असता, बाहेरून येणारे अन्न तुटले तर देशात पिकणाऱ्या शिध्यावर माणूस धडधाकट राहील काय, याचा निर्णय हवा होता.

त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. दिवसाला पाव पिंट दूध, आठवड्याला एक अंडे, मांस बेताचे, लोणी नाही. मात्र कोंड्यासकट पिठाचा पाव, बटाटे आणि भाजी हवी तितकी, असा शिधा ठरवून दोघे आणि त्यांचे सहकारी काही महिने राहिले. मग हिवाळ्यात इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या डोंगराळ मुलखात जाऊन, सायकली हाकून आणि कडे चढून त्यांनी आपल्या अंगातला जोर आजमावला. जोर कायम होता. तक्रारी होत्या त्या किरकोळ: तेवढा पाव चावून संपवावयास वेळ फार लागे आणि पोटात वारा धरे. परंतु प्रयोगशाळेतल्या मोजणीने एक गंभीर बाब दाखवली, ती अशी की या आहारावर शरीराला कॅल्शियम पुरेसे मिळत नव्हते.

पाठोपाठ झालेला प्रयोग म्हणजे शास्त्रीय मुनसफीचा नमुना होय. प्रयोगाला बसलेली मंडळी आपल्या अन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा पावातून घेत. काही आठवडे पांढरा पाव, काही आठवडे कोंड्याचा. जे पोटात गेले ते तोलून आणि जे शरीराबाहेर पडले ते सारे जपून ठेवून, त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह मोजले जाई. कोंड्याच्या पावात खनिजे अधिक असूनही त्यांचे शोषण कमी भरले. एवढ्यावर न थांबता त्यांनी कोंड्याच्या पिठातील फायटिक आम्ल काढून टाकून पाव केला, तेव्हा शोषण सुधारले. आणि उलट पांढऱ्या पावात सोडियम फायटेट घातले, तेव्हा तेथेही शोषण खालावले. आरोपी हजर असता गुन्हा घडतो, नसता घडत नाही, आणि त्याला दुसऱ्या घरी नेऊन ठेवले तर तेथेही घडतो. याहून भक्कम पुरावा कोणत्या न्यायासनाने मागावा? हे निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी सरकारचे फर्मान निघाले होते की गव्हाचे शेकडा ८५ भाग पीठ म्हणून वापरलेच पाहिजे. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन, शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड. जहाजांवरील जागा वाचवणे हा यातील पहिला हेतू, आणि ब जीवनसत्त्वे व लोह यांची भर पडते हा दुसरा. अशा रीतीने ‘नॅशनल लोफ’ या नावाचा करडा, चिवट पाव गरीब-श्रीमंत सर्वांच्या ताटात आला. तो फारसा कोणाला आवडला नाही. आता या पावाबरोबर फायटिक आम्लाचीही वाढ होणार आणि कॅल्शियम अडणार, यावर तजवीज काय? तजवीज साधी निघाली: पिठात खडू घालावा. दर २८० पौंडांच्या गोणीला ७ औंस शुद्ध केलेला खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळण्याचा शिरस्ता पडला. फायटिक आम्लाने आपला हिस्सा घेऊनही शरीराला पुरेसे उरावे, एवढाच त्यातील हिशेब. ज्या देशात पावात खडू कालवल्याचा ठपका भटाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला होता आणि भेसळीविरुद्ध कायदे झाले होते, तेथे खुद्द सरकारनेच खडू कालवण्याचा हुकूम काढावा, हे पुष्कळांना रुचले नाही आणि त्यावर बराच कजिया माजला. तरीही तो हुकूम टिकला.

तिकडे शेजारच्या आयर्लंडात याच काळात गव्हाच्या टंचाईपायी दाण्याचा कणन्‌कण पिठात ठेवण्याची, म्हणजे शेकडा शंभर पीठ काढण्याची पाळी आली, आणि डब्लिनच्या गरीब वस्त्यांतील मुलांत मुडदूस वाढल्याचे वैद्यांनी नोंदले. टंचाईच्या काळात दूध, ऊन, जळण अशा अनेक गोष्टींची वानवा असते, तेव्हा सारा दोष पिठावर टाकणे न्याय्य नव्हे; पण मेलनबींची पिल्ले आणि केंब्रिजचा पाव ज्यांना ठाऊक होता त्यांना संशय येण्यासारखी परिस्थिती होती खरी. पुढे पिठातून कोंडा पुन्हा काढण्यात आला.

येथवरचा वृत्तान्त वाचून कोणी पांढऱ्या पावाची तरफदारी करावयास निघेल, तर इतिहास त्यालाही फार पुढे जाऊ देत नाही. १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोंड्याचा पाव पुष्कळ दिवस खात राहिले तर शरीर हळूहळू त्याला सरावते आणि सुरुवातीला दिसणारी कॅल्शियमची तूट भरून निघू लागते. त्याहून बोलका फैसला जर्मनीत झाला. युद्धाने उपाशी टाकलेल्या डुइसबुर्गसारख्या शहरांतील अनाथालयांत विडोसन आणि मॅकन्स यांनी मुलांना पाच निरनिराळ्या पिठांचे पाव वर्षभर व त्याहून अधिक काळ खाऊ घातले. काही कोंड्यासकट, काही पांढरे, काही पांढऱ्यात वरून जीवनसत्त्वे घातलेले. मुलांच्या अन्नाचा तीन-चतुर्थांश वाटा पावाचाच होता आणि पिठात खडू घातलेला होता. अपेक्षा अशी की कोणता तरी एक पाव सरस ठरेल. ठरला नाही, पाचही पंक्तींतली मुले सारखीच आणि झपाट्याने वाढली. पोटभर अन्न, पुरेसे कॅल्शियम आणि निगा एवढे मिळाले की पिठापिठांतला भेद झाकून जातो. भेद उघडा पडतो तो जेथे ताटात पावाखेरीज दुसरे काही नाही, तेथे.

असे ठिकाण इराणात होते. बिहारमधील बक्सरला जन्मलेले, पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि अमेरिकेत पुढील अभ्यास केलेले तिशीतले डॉक्टर आनंद प्रसाद हे होबार्ट राइमन यांच्या निमंत्रणावरून १९५८ साली शिराझला रुजू झाले. तेथे त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय सांगे एकवीस, पण पाहणाऱ्याला दहा वर्षांचा मुलगा वाटावा; उंची खुंटलेली, तारुण्याचे एकही लक्षण नाही, त्वचा खरबरीत, यकृत आणि प्लीहा वाढलेली, बुद्धी मंद, आणि रक्त इतके पातळ की एवढा रक्तक्षय रक्तस्राव नसलेल्या पुरुषात का व्हावा याचा उलगडा होईना. चौकशी करता कळले की त्याचे अन्न म्हणजे न चाळलेल्या पिठाची रोटी, बटाटे, फळे, भाजी, थोडे दूध. मांस जवळजवळ नाही. शिवाय तो रोज सुमारे अर्धा किलो माती खाई. तो एकटाच असता तर वैद्यकाच्या वहीत एक नवल म्हणून राहिला असता. पण थोड्याच दिवसांत तशाच लक्षणांचे आणखी दहा जण पुढे आले, आणि हे नवल नसून मुलखाचे दुखणे आहे हे स्पष्ट झाले.

लोह दिल्याने रक्त सुधारले. पण लोहाच्या कमतरतेने वाढ खुंटते आणि तारुण्य अडते असे कोणत्याही प्रयोगात दिसलेले नव्हते. म्हणून प्रसादांनी तर्क केला की लोहाबरोबर दुसरेही एखादे खनिज अडकत असले पाहिजे. जस्ताअभावी उंदरांची वाढ खुंटते हे १९३४ पासून ठाऊक होते, आणि डुकरांच्या त्वचेचा एक रोग जस्ताने बरा होतो हे १९५५ साली सिद्ध झाले होते. माणसाच्या आहारात मात्र जस्त इतके सर्वत्र सापडते की त्याची उणीव पडणे अशक्य, अशीच विद्वानांची समजूत होती. ही समजूत जमाबंदीवरून झालेली होती. प्रसादांनी १९६१ साली शिराझचे रोगी जगापुढे मांडले; पुढे कैरोत जाऊन नाईलकाठच्या खेड्यांतील तसल्याच खुजट तरुणांच्या शरीरातील जस्ताची मोजणी केली आणि उणीव प्रत्यक्ष दाखवून दिली. जस्त दिलेले तरुण वर्षात पाच-सहा इंचांनी वाढले आणि वयात आले. तरीही हे मत वैद्यकाच्या गळी उतरावयास वेळ लागला. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन मंडळाने माणसाच्या रोजच्या गरजांच्या यादीत जस्त घातले ते १९७४ साली.

जस्त अडवत होते कोण? १९६० साली ओडेल आणि सॅव्हेज यांनी कोंबडीच्या पिल्लांवर दाखवले होते की फायटिक आम्ल जस्तालाही जखडते. शिराझमध्ये काम करणाऱ्या जॉन राइनहोल्ड यांनी मग तेथल्या रोट्यांकडे लक्ष वळवले, आणि त्यांचा १९७१ सालचा निबंध वाचताना या साऱ्या प्रकरणाचा धागा हाती लागतो. शहरातल्या भट्टीवरची रोटी आंबवलेल्या कणकेची असे, तर खेड्यातली ‘तानोक’ नावाची रोटी न चाळलेल्या पिठाची आणि न आंबवलेली. गहू तोच, पण तानोकमध्ये फायटिक आम्ल कितीतरी अधिक भरले. शहरी भटाऱ्याने कणीक आंबत ठेवली ती रोटी हलकी व्हावी आणि चव यावी म्हणून. परंतु त्या ओल्या, किंचित आंबट कणकेत गव्हातलेच फायटेज आपले काम करीत राहिले आणि जस्त मोकळे झाले. खेड्यातल्या बाईने पीठ मळले आणि लगेच रोट्या भाजल्या. विकराला अवधीच मिळाला नाही. दोन्ही घरांत कोणाला जस्ताचे नावही ठाऊक नव्हते.

अडवणूक करणारी इतरही द्रव्ये आहेत, त्यांचा उल्लेख येथे संक्षेपाने पुरे. पालकात कॅल्शियम भरपूर, पण ते ऑक्झॅलिक आम्लाशी बांधलेले. म्हणून १९८८ सालच्या एका मोजणीत दुधातले शेकडा २७ च्या आसपास शोषले गेले, तर पालकातले अवघे ५. चहातली टॅनिन द्रव्ये लोहाला बांधतात, हे १९७५ साली ज्यांच्यावर सिद्ध झाले त्या दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया होत्या. जेवणाबरोबर चहा घेतला की भातातले आणि पावातले लोह बरेचसे वाया जाई. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोहाची सुटका करते.

आता आपल्या घराकडे वळावे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि तांदळाच्या तेवढ्याच वजनात अवघे १०, असा आपल्या जुन्या राष्ट्रीय तक्त्यांतला आकार आहे. पण नाचणीतही फायटिक आम्ल आहे आणि तिच्या तांबड्या सालीत टॅनिनही आहेत. तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करावयाचे तर आपल्याकडील बायका नाचणी धुऊन रात्रभर भिजत घालतात, फडक्यात घट्ट बांधून मोड येईपर्यंत ठेवतात, सावलीत वाळवतात, मंद आचेवर परततात, दळतात आणि शेवटी ते पीठ वस्त्रगाळ करतात. यांतील प्रत्येक कृतीला घरात कारण सांगितले जाई ते असे की बाळाला पचावयास हलके पडते. भिजवण्याने आणि मोडाने फायटेज जागे होते, वस्त्रगाळ केल्याने सालीतली टॅनिने फडक्यात राहतात. मात्र नाचणीचे कॅल्शियमही पुष्कळसे सालीतच असल्याने त्यातला काही भाग त्याच फडक्यात राहतो, हेही सांगितले पाहिजे. ताकात पीठ भिजवून रात्रभर आंबवलेली आंबील, मोड आणलेल्या मटकीची उसळ आणि तिच्यावर पिळलेले लिंबू, ही सारी याच मालिकेतली. परंतु ज्वारीची भाकरी? ती तर तानोकप्रमाणेच न आंबवता, पीठ मळल्याबरोबर थापून तव्यावर टाकली जाते. जेथे तिच्याबरोबर ताक, उसळ, पालेभाजी असे काही असते तेथे बिघडत नाही. जेथे भाकरी, मिरची आणि कांदा एवढेच असते तेथे डॉक्टर प्रसादांनी शिराझला जे पाहिले त्याच्या धाकट्या आवृत्त्या सापडाव्यात यात आश्चर्य नाही.

म्हणून ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ या सोयीच्या विधानाला हा इतिहास दुजोरा देत नाही. ठाऊक असते तर भाकरीही आंबवली असती. रूढी चवीसाठी, टिकण्यासाठी, पचण्यासाठी, किंवा सरपण वाचावे म्हणून पडल्या. त्यांतल्या काहींनी खनिजांची वाट मोकळी केली, काहींनी केली नाही. तशीच दुसरीही सोयीची समजूत सोडून द्यावयास हवी, ती ही की प्रयोगशाळेने कारण शोधले म्हणजे कारभार शहाणा होतो. ब्रिटनमध्ये पिठात खडू घालण्याचा कायदा युद्धानंतरही चालूच राहिला. तो लागू आहे पांढऱ्या आणि करड्या पिठाला, आणि ज्यात फायटिक आम्ल सर्वांत अधिक त्या संपूर्ण गव्हाच्या पिठाला मात्र त्यातून सूट आहे, कारण ते पीठ ‘शुद्ध’ राहावे असा त्याच्या चाहत्यांचा आग्रह. खडूचे कारण ज्या पिठात होते तेच पीठ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

कारण कळण्याचा खरा उपयोग कोठे होतो, हे पाहावयाचे तर गोव्याच्या पोदेराची भट्टी पाहावी. पोर्तुगीज अमदानीत तेथे पावाची कला आली. युरोपातले आंबवण तेथे मिळेना, म्हणून भटाऱ्यांनी माडाची सूर वापरली. कोंडा लावलेली पोय असो की पांढरा पाव, सुरेने कणीक सावकाश, रात्रभर, आंबट होत फुगे. पुढे माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर महाग झाली, आणि बाजारातले तयार यीस्ट आले, ज्याने कणीक थोड्याच वेळात फुगते. लोकांची तक्रार झाली ती चव गेल्याची. त्या रात्रभराच्या आंबण्यात कोंड्यातले फायटिक आम्ल फुटावयाला जो अवधी मिळत होता तोही सुरेबरोबर गेला, याची नोंद कोणत्या पोदेराने ठेवावी? चव म्हणून आलेली गोष्ट चव म्हणूनच गेली. कारण माहीत असते तर सूर नसतानाही तो अवधी राखता आला असता: यीस्ट थोडे घालावे, जुन्या आंबट कणकेचा गोळा मिसळावा, रात्र जाऊ द्यावी. सूर हे निमित्त होते. आंबटपणा आणि वेळ हे कारण.

रूढी आपले कारण जाणत नसल्यामुळे ती टिकते तीही योगायोगाने आणि मोडते तीही योगायोगाने, आणि मोडल्यावर काय गेले याचा हिशेब लागत नाही. मेलनबींची पिल्ले, केंब्रिजचा पाव आणि शिराझचे तरुण यांनी आपल्याला तो हिशेब मांडावयास शिकवले. जमाबंदीच्या तक्त्यांना त्यामुळे बाध येत नाही. मात्र यापुढे ज्या कोणाच्या हाती मुलांच्या शिध्याचा, शाळेतल्या खिचडीचा किंवा दुष्काळातल्या वाटपाचा बंदोबस्त असेल, त्याने कोणत्या धान्यात किती खनिज एवढेच विचारून भागणार नाही. ते धान्य किती वेळ भिजले, आंबले की नाही, आणि ताटात त्याच्या शेजारी काय होते, हेही विचारावे लागेल.